लकडगंज : विकलेलें, भाड्यानें दिलेलें आणि परत आलेलें

प्रवासाचें वर्णन म्हटलें म्हणजे त्यांत हिमालयाचीं शिखरें, रामेश्वरचा समुद्र, निदान महाबळेश्वरची थंड हवा तरी असावी, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती वाजवीही आहे. परंतु ज्या स्थळाची हकीकत आज सांगावयाची आहे, तेथें कोणी हवा खाण्यासाठीं जात नाहीं. तेथें लोक जातात ते दाराची चौकट, खिडकीची झडप किंवा मुलीच्या लग्नाचा पलंग यांसाठीं लांकूड पहाण्यास. नागपूर शहराच्या पूर्वभागांतील लकडगंज हें तें स्थळ. मास्तरकी सुटली तरी दिसेल त्या वस्तूवरून धडा काढण्याची मास्तरांची खोड सुटत नाहीं. सरकारच्या मालकीचे धंदे आणि सार्वजनिक सेवा खाजगी हातीं द्याव्यात कीं देऊं नयेत, हा वाद आज घरोघरीं चालतो. त्याचा धडा गिरविण्यास लकडगंजइतकी सोयीची शाळा मला दुसरी दिसत नाहीं.

नागपूर स्टेशनाकडून पूर्वेस निघालें आणि इतवारी-गांधीबागेच्या पेठा मागें टाकल्या कीं सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या लांबरुंद रस्त्यावर आपण या वस्तीपाशीं येतों. डिसेंबर २०२२ पासून या रस्त्यावरून, म्हणजे रस्त्याच्या डोक्यावरून, मेट्रो धांवते. जिन्यानें खालीं उतरून आडरस्त्यांत शिरलें म्हणजे प्रथम डोळ्यांआधीं नाकास कळतें कीं आपण कोठें आलों. ताज्या कापलेल्या सागाचा किंचित तेलकट, किंचित तिखट असा वास, आऱ्याचा कर्कश सूर, पायाखालीं भुशाचा मऊ थर. दुतर्फा टाली. कोठें सागाचे ओंडके एकावर एक रचलेले, कोठें बांधकामाच्या बल्ल्या उभ्या केलेल्या, कोठें जुन्या वाड्यांतून उतरविलेलीं मयालें, खांब आणि नक्षीचे दरवाजे. लकड म्हणजे लांकूड आणि गंज म्हणजे बाजार. नांवाप्रमाणें गुण असलेलीं गांवें थोडीं, त्यांत याची गणना करावी लागेल.

हें लांकूड येतें कोठून? बरेंचसें उत्तम सागवान चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील अरण्यांतून येतें. आलापल्लीचा साग सर्वत्र विख्यात आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठीं २०२३ सालीं बल्लारपुराहून सागवान पाठविण्यांत आलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. हीं अरण्यें सरकारचीं. कांहीं वन विभागाच्या ताब्यांत, कांहीं १९७४ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळाकडे, ज्याची मुख्य कचेरी याच नागपुरांत आहे. झाड तोडलें जातें, त्याच्या ओंडक्यावर हातोड्याचा ठसा उमटतो, तो आगारांत येतो, तेथें लिलाव होतो, व्यापारी बोली लावतात, आणि वाहतुकीचा परवाना घेऊन माल लकडगंजांत उतरतो. म्हणजे सरकारी मालमत्ता खाजगी माणसास विकणें ही येथें नवलाची गोष्ट नसून नित्याचा व्यवहार आहे, आणि त्याविरुद्ध कोणी ब्रही काढीत नाहीं.

तसें कां बरें व्हावें? कारण उघड आहे. येथें विकलें जातें तें लांकूड, अरण्य नव्हे. साग पुरा वाढण्यास साठ ते ऐंशी वर्षें लागतात. आजोबाच्या काळीं लावलेलें झाड नातवाच्या काळीं तोडावयाचें आणि त्याच्या जागीं पणतूसाठीं रोप लावावयाचें, असा हा संसार आहे. फळ विकावें, झाड राखावें, हा नियम आपल्या घरांतील आजीसही ठाऊक असतो. कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्रांत वनोपजाच्या व्यवस्थेसाठीं ‘कुप्याध्यक्ष’ नांवाचा एक स्वतंत्र अधिकारीच नेमावयास सांगितला आहे. अरण्यांतील माल गोळा करविणें, त्यापासून उपयुक्त वस्तू बनविणाऱ्या कर्मशाळा चालविणें आणि विनाकारण तोड करणाऱ्यास दंड करणें हीं त्याचीं कामें. इतक्या प्राचीन काळींही उत्पन्न आणि मूळधन यांतील भेद राज्यकर्त्यांस कळत होता.

परंतु एवढ्यावरून ‘सरकारची मालकी म्हणजे रक्षण आणि खाजगी मालकी म्हणजे नाश’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करूं नये. आमच्या विदर्भाचा इतिहासच त्याच्या आड येतो. जुन्या मध्यप्रांतांत गांवोगांवीं मालगुजार असत, आणि अरण्येंच नव्हे तर धानाच्या शेतीस पाणी देणारे तलावही त्यांच्या ताब्यांत असत. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी रद्द झाली आणि १९५१ पासून हे तलाव सरकारकडे आले. कायदा न्यायाचा होता, यांत शंका नाहीं. अनेक कुळें त्यानें मोकळीं झालीं. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील त्या ‘माजी मालगुजारी’ तलावांची पुढें काय गत झाली, हें तिकडच्या कोणाही शेतकऱ्यास विचारावें. गाळ साचला, पाळी खचल्या, पाट बुजले. जें पूर्वी एकाचें होतें तें सर्वांचें झालें, आणि सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे, या न्यायानें कित्येक ठिकाणीं त्याची निगा राहिली नाहीं. मालक बदलल्यानें निगा आपोआप येत नाहीं, हा लकडगंजाकडे जाणाऱ्या वाटेवरचा पहिला धडा.

आतां पुन्हां रस्त्यावर येऊं. येथून जवळच्या चौकास टेलिफोन एक्स्चेंज चौक म्हणतात, आणि मेट्रोच्या स्टेशनासही तेंच नांव मिळालें आहे. आमच्या पिढीस या नांवाचें महत्त्व सांगावयास नको. घरांत टेलिफोन यावा म्हणून अर्ज करून लोक वर्षानुवर्षें वाट पहात, आणि तो आला म्हणजे शेजारच्या चार घरांचे निरोप त्यावर येत. खातें सरकारचें होतें, एकच होतें, आणि त्याची गति बैलगाडीची होती. १९९४ च्या धोरणानें खाजगी कंपन्यांस या क्षेत्रांत वाट मिळाली, १९९५ सालीं भारतांत पहिला मोबाईल वाजला, आणि २००० सालच्या ऑक्टोबरांत सरकारी खात्याचें भारत संचार निगम झालें. आज भाजीवाल्या बाईच्या कमरेसही फोन असतो. येथें सरकारनें आपलें खातें विकलें नाहीं. केवळ दार उघडलें आणि इतरांस आंत येऊं दिलें. त्याचें सुख आपण सर्व भोगीत आहों, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. मात्र त्याच स्पर्धेंत सरकारी निगम क्षीण होत गेला आणि २०२० च्या आरंभीं त्यांतील सुमारें अठ्ठ्याहत्तर हजार नोकरांनीं एकदम स्वेच्छानिवृत्ति घेतली, हेंही सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाहीं.

विजेची कथा याहून निराळी आणि अधिक बोधप्रद आहे. नागपुरांत वीज पुरविणारी नागपूर इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी ही मुळांत खाजगीच होती. महाराष्ट्र राज्य निर्माण झालें त्याच वर्षीं, १९६० सालीं, राज्य विद्युत मंडळ स्थापन झालें आणि कालांतरानें शहराचा वीजपुरवठा सार्वजनिक झाला. पुढें २००५ सालीं मंडळाचे भाग पाडून वीज निर्माण करणारी, वाहून नेणारी आणि वांटणारी अशा वेगवेगळ्या सरकारी कंपन्या केल्या गेल्या. घरोघरीं बिल पाठवूं लागली ती महावितरण. मग नवी युक्ति निघाली. २००३ च्या वीज कायद्यांत वितरणाचें काम ‘फ्रँचायझी’ म्हणून दुसऱ्यास देण्याची सोय होती. २००७ सालीं भिवंडीचें काम टोरेंट कंपनीकडे गेलें. आणि १ मे २०११ पासून नागपुरांतील सिव्हिल लाइन्स, महाल व गांधीबाग हे तीन विभाग स्पॅनको कंपनीकडे पंधरा वर्षांच्या करारानें सोपविण्यांत आले. लकडगंजही त्यांतच आलें.

या व्यवहाराची रीत वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावी. तारा आणि खांब महावितरणचे, वीजही त्यांचीच. फ्रँचायझीनें ती ठरल्या दरानें घ्यावी, आयोगानें ठरविलेल्या दरानें ग्राहकांस द्यावी आणि मधल्या अंतरांतून खर्च भागवून नफा मिळवावा. दर वाढविणें हातीं नसल्यामुळें नफ्याची वाट एकच : गळती आणि चोरी कमी करणें व थकबाकी वसूल करणें. कल्पना वाईट नाहीं. चोरी पकडण्याचें काम सरकारी नोकरापेक्षां ज्याचा पैसा बुडतो तो मनापासून करतो, हें कोणीही मान्य करील. पण दुसऱ्याच वर्षीं, २०१२ मध्यें, ही कंपनी एस्सेल समूहाकडे गेली. इंग्रजी आद्याक्षरांचें नांव ‘एसएनडीएल’ हेंच राहिलें, मागचा धनी मात्र बदलला. मीटर बदलले म्हणून, बिल फुगलें म्हणून, आणि वसुलीची माणसें दारांत उभीं राहिलीं म्हणून मोर्चेही निघाले. तर दुसरीकडे दुरुस्तीची गाडी लवकर येते म्हणून कांहीं जण समाधानीही होते. अखेर धन्यासच पैशाची चणचण भासूं लागली, आणि पंधरा वर्षांचा करार आठ वर्षांतच आटोपून ९ सप्टेंबर २०१९ रोजीं सगळा कारभार महावितरणकडे परत आला. औरंगाबाद आणि जळगांव या शहरांतील फ्रँचायझ्या तर त्यापूर्वींच संपुष्टांत आल्या होत्या. भिवंडीचा प्रयोग मात्र टिकला.

लकडगंजांतील एका आऱ्यावर काम करणारे एक वृद्ध कारागीर माझ्या ओळखीचे आहेत. लिलावांत ओंडका कसा पारखतात, असें मीं त्यांस विचारलें असतां ते म्हणाले, “गुरुजी, ओंडक्याले दोन तोंडं असतेत. एकच तोंड पाहून बोली लावली का माणूस डुबते.” ओंडका एका टोकास घट्ट दिसतो आणि दुसऱ्या टोकास पोकळ निघतो, असा त्यांचा आशय. मला वाटतें, सार्वजनिक कामाच्या करारासही दोन तोंडें असतात. तो कसा सुरू होतो हें सर्व पहातात. वर्तमानपत्रांत छायाचित्रें येतात, फिती कापल्या जातात. तो कसा संपेल, मधेंच मोडला तर दिवे कोण लावील, थकलेले पैसे कोण देईल, हें दुसरें तोंड पहाणारे थोडे. नागपूरचे दिवे त्या रात्रीं विझले नाहींत याचें श्रेय एवढ्यालाच, कीं महावितरण ही सरकारी कंपनी अद्याप जिवंत होती आणि तिच्याकडे काम जाणणारीं माणसें होतीं. तीही आपण मोडून टाकली असती तर कोणाच्या दारीं गेलों असतों?

पाण्याचा प्रश्न विजेहून नाजूक. पंख्याशिवाय एक रात्र काढतां येते, पाण्याशिवाय स्वयंपाकघर चालत नाहीं. नागपूरची तहान प्रथम अंबाझरीनें, मग गोरेवाड्यानें, मग कन्हान नदीनें आणि शेवटीं पेंच प्रकल्पानें भागविली. शहर वाढत गेलें तसतशी नळाची नाळ दूर दूर गेली. लकडगंजाच्या बाजूस मुख्यत्वें कन्हानचें पाणी येतें. महानगरपालिकेचे दहा झोन आहेत, त्यांत लकडगंज हा एक. १ मार्च २०१२ पासून संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा चालविण्याचें काम ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे पंचवीस वर्षांसाठीं देण्यांत आलें. विश्वराज ही येथील आणि व्हिओलिया ही फ्रान्सची, अशा दोन कंपन्यांची ती भागीदारी. तलाव, टाक्या, जलवाहिन्या महानगरपालिकेच्याच. दर ठरविणेंही तिच्याच हातीं. नळ जोडणें, गळती थांबविणें, मीटर वाचणें आणि बिल देणें हें कंपनीचें काम. एवढ्या मोठ्या शहराचा सगळा पाणीपुरवठा या रीतीनें सोपविण्याचा भारतांतील हा पहिला प्रयोग म्हणून गाजला. पांच वर्षांत सर्वत्र चोवीस तास पाणी येईल असा संकल्प होता. तो त्या मुदतींत सर्वत्र सिद्धीस गेला नाहीं. कांहीं वस्त्यांतील गृहिणींनीं पिंपें आणि हंडे भरून ठेवण्याची जुनी चाल सोडली, कांहीं वस्त्यांत ती अजून चालूच आहे. जेथें सुधारणा झाली तेथें ती खरी आहे. जेथें झाली नाहीं तेथें नागरिकानें कोणाकडे बोट दाखवावें, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. महानगरपालिका म्हणते कंपनीकडे जा, आणि कंपनी म्हणते वाहिनी महानगरपालिकेची. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगाच केली नाहीं.

परदेशांतही याची दोन्ही उदाहरणें सांपडतात. इंग्लंडनें १९८९ सालीं आपल्या पाण्याच्या संस्था सरळ विकून टाकल्या. त्यांतील लंडनला पाणी पुरविणारी थेम्स वॉटर ही कंपनी कर्जाच्या ओझ्याखालीं कशी वांकली, हें अलीकडे सर्वांनीं वाचलेंच आहे. उलट पॅरिस शहरानें पाणीवांटपाचें काम कंपन्यांकडे करारानें दिलें होतें, आणि करार संपतांच १ जानेवारी २०१० पासून तें पुन्हां आपल्या हातीं घेतलें. त्या कंपन्यांपैकीं एक व्हिओलियाच होती. विकलेलें परत घेणें दुष्कर आणि मुदतीनें दिलेलें परत घेणें शक्य, हा भेद येथें स्पष्ट दिसतो.

विकणें आणि परत येणें याचा सर्वांत चमत्कारिक फेरा पहावयाचा तर लकडगंजाहून फार दूर जावयास नको. गांधीसागर तलावाच्या बाजूस जावें. जमशेटजी टाटांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं तेथें एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जवळ, रेल्वे जवळ, वरोऱ्याचा कोळसाही जवळ, असें पाहून त्यांनीं मुंबई सोडून नागपूर निवडलें, आणि मजुरांच्या कल्याणाच्या बाबतींत त्या गिरणीनें देशास वाट दाखविली. शंभराहून अधिक वर्षांनीं ती बुडीत निघाली तेव्हां १९८६ सालीं राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळानें ती चालवावयास घेतली. हेतु दयेचा होता : हजारों चुली विझूं नयेत. पण दयेनें चाललेली गिरणी २००२ सालीं बंद पडली, यंत्रें गेलीं, जमीन विकली गेली आणि तेथें व्यापारी संकुल उभें राहिलें. ज्या भोंग्यावर अर्धें नागपूर आपलें घड्याळ लावीत असे तो मुका झाला, आणि कामगार आपल्या येण्यासाठीं वर्षानुवर्षें कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिले. त्याच टाटांकडून १९५३ सालीं सरकारनें घेतलेली एअर इंडिया २०२२ च्या जानेवारींत पुन्हां त्यांच्याकडे गेली. देशांत २००० सालीं मॉडर्न ब्रेडचा धंदा विकला गेला, २००१ मध्यें बाल्को. पाव कोणी भाजावा, विमान कोणी उडवावें, यासाठीं सरकारच पाहिजे असा हट्ट मी तरी धरणार नाहीं. पाव आवडला नाहीं तर शेजारच्या दुकानांत जातां येतें. नळ आवडला नाहीं तर दुसरा नळ कोठें आहे?

येथें जुन्या ग्रंथांचा थोडा आधार घेतों. कौटिल्यानें खाणींच्या प्रकरणांत मोठी मार्मिक व्यवस्था सांगितली आहे. ज्या खाणीस खर्च आणि खटाटोप फार, ती राजानें हिश्श्यानें किंवा खंडानें दुसऱ्यास द्यावी. जी हलकी, ती स्वतः चालवावी. त्यानें ना खाजगीचा द्वेष केला ना सरकारीचें स्तोम माजविलें. कामाचें स्वरूप पाहिलें. आणि आपल्या धर्मशास्त्रकारांनीं व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं, त्यांत ‘निक्षेप’ म्हणजे ठेव आणि ‘अस्वामिविक्रय’ म्हणजे मालक नसतांना केलेली विक्री हीं दोन लागोपाठ येतात. माझ्या अल्पमतीस या वादाचें सार या दोन शब्दांत दिसतें. तलाव, नद्या, अरण्यें आणि शहराच्या जलवाहिन्या या सरकारकडे प्रजेची ठेव म्हणून आहेत. ठेव राबविण्यास दुसरा हुशार माणूस नेमावा, त्यास योग्य मेहनताना द्यावा, यांत गैर कांहीं नाहीं. पण ठेवच विकावयाची झाली तर प्रथम धन्यास, म्हणजे आपणांस, विचारलें पाहिजे. नाहीं तर तो अस्वामिविक्रय होतो.

विचारण्याचे मार्ग आहेत. २०२३ च्या जानेवारींत महावितरणच्या नोकरांनीं खाजगी कंपनीस समांतर परवाना देण्याविरुद्ध संप पुकारला आणि सरकारशीं बोलणीं होतांच तो त्याच दिवशीं मागें घेतला. संप हा एक मार्ग झाला. पण तो नोकरांचा. गृहस्थाश्रमी माणसाचा मार्ग साधा आणि चिवट असावा. आपल्या झोनच्या नगरसेवकास प्रत्येकानें तीन प्रश्न लेखी विचारावेत. करार किती मुदतीचा आहे आणि तो मोडला तर काम कोण चालवील? हिशेब सामान्य माणसास पहातां येतो का? आणि काम परत घेण्याइतकीं जाणतीं माणसें आपण नोकरींत ठेवलीं आहेत का? लकडगंजाच्या पाण्याचा करार ठरल्या मुदतीप्रमाणें २०३७ सालीं पुरा होईल. त्या वेळीं आमच्यापैकीं पुष्कळ जण नसूं. पण आज शाळेंत जाणारीं मुलें तेव्हां घरें चालवीत असतील आणि नळाचीं बिलें त्यांच्याच नांवें येतील. त्या कराराचें दुसरें तोंड आजच पाहून ठेवणें, हें त्यांच्यासाठीं आपणच करावयाचें काम आहे. सागाचें रोप लावणारा मनुष्य त्याची चौकट स्वतःच्या दारास बसवीत नसतो, तरी तो तें लावतो. इत्यलम्.